दूरच्या घरच्यांना सणाचं पार्सल: खोका, कागद आणि भरण्याची रीत

मोजपट्टी

सण जवळ आले की "घरच्यांना पार्सल पाठवायचंय, काय काय भरू?" हा प्रश्न इथे हमखास येतो आणि खाली वस्तूंच्या लांबलचक याद्या पडतात. याद्यांना माझी ना नाही. पण पार्सल फसतं ते वस्तूंमुळे क्वचितच. खोका गरजेपेक्षा मोठा असतो, फॉर्मवर नुसतं 'गिफ्ट' लिहिलेलं असतं, नाहीतर साबण आणि बिस्किटं शेजारी बसवलेली असतात. म्हणून हा धागा भरण्याच्या कामासाठी. जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात खोक्यापासून. कुरियरवाले वजन दोन प्रकारे काढतात, काट्यावरचं आणि आकारमानाचं, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५००० (काही सेवा ६००० ने भागतात, आधी विचारा). ४० × ३० × ३० चा खोका घेतला तर ३६,००० भागिले ५०००, म्हणजे ७.२ किलो. आत मोजे, कागदी तोरणं, बबल रॅप मिळून ३ किलोच सामान असलं तरी पैसे ७.२ चे, आणि बहुतेक ठिकाणी पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत चढवून ७.५ चे. उंची ३० ची २० केली की तोच आकडा ४.८ वर येतो.

माप बाहेरून घेतात आणि जिथे खोका सर्वांत फुगलाय तिथे घेतात. वरचे पल्ले दाबून टेप मारली आणि मध्यभागी २ सेंटीमीटर फुगवटा राहिला, तर ४.८ चे ५.२८ होतात, म्हणजे बिल ५ ऐवजी ५.५ चं. त्यामुळे आधी सगळं सामान जमिनीवर रचून बघा, त्याभोवती ५ सेंटीमीटर गादीची जागा धरा आणि मग खोका शोधा. उलट क्रमाने गेलात तर रिकामी जागा दिसते आणि हात आपोआप आणखी काहीतरी भरायला जातो.

काही देशांच्या टपालात काट्यावरचंच वजन धरतात. हलकं पण पसरट सामान असेल तर तिथे चौकशी करणं फायद्याचं.

पुठ्ठाबहाद्दर

खोक्याबद्दल थोडं. परदेशी पार्सलला पाच-प्लायचा (पाच थरांचा) पुठ्ठा घ्या, तीन-प्लायचा देशातल्या देशात ठीक. ४० × ३० × २० चा पाच-प्लाय खोका रिकामा साधारण अर्धा किलो भरतो, ते वजन हिशेबात धरा.

पुठ्ठ्याच्या आतल्या नाळ्या उभ्या असायला हव्यात. खोक्यावर दुसरे खोके रचले की भार मुख्यतः चार उभ्या कडा पेलतात. म्हणून कोपरा चेपलेला जुना खोका बाकी कितीही नवा दिसला तरी नको. दमट हवेत पुठ्ठा ओलावा ओढून मऊ पडतो, तेव्हा भरलेला खोका रात्रभर थेट फरशीवर ठेवू नका.

टेप ४८ मिलिमीटर रुंदीची, खाली आणि वर दोन्हीकडे इंग्रजी 'एच'च्या आकारात: मधल्या जोडावर एक लांब पट्टी आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक. लांब पट्टी दोन्ही बाजूंना ७-८ सेंटीमीटर खाली उतरवा. नुसती मधली पट्टी मारली तर टोकाच्या फटीत दुसऱ्या पार्सलचा कोपरा घुसतो आणि पल्ला उचकटतो. सुतळी बांधू नका, वरून खाकी कागदही गुंडाळू नका. सुतळी वर्गवारीच्या पट्ट्यात अडकते, कागद फाटला की पत्ता त्याच्याबरोबर जातो.

जुना खोका वापरायचाच असेल तर आधीची सगळी लेबलं आणि बारकोड सोलून काढा. पेनाने खोडलेला बारकोड मशीन कधीकधी तरीही वाचतं.

खाऊडबा

खाण्याच्या वस्तूंवर लिहितो, कारण पार्सलमधलं सगळ्यात नाजूक प्रकरण तेच.

पहिला नियम: पूर्ण थंड झाल्याशिवाय काहीही डब्यात नाही. भाजलेली बिस्किटं वरून गार लागली तरी आत कोमट असतात. झाकण लावलं की वाफ झाकणाच्या आतून थेंब धरते आणि दोन दिवसांत सगळा डबा सादळतो. जाळीवर किमान दोन तास.

दुसरा: कुरकुरीत आणि मऊ एका डब्यात नको. ओलावा मऊ पदार्थाकडून कोरड्याकडे जातो, शेवटी दोन्ही मधल्याच कुठल्यातरी अवस्थेला येतात. म्हणजे बिस्किटं मऊ, केक कोरडा.

रचताना बिस्किटं सपाट थरांत न ठेवता कडेवर उभी ठेवा, दोन-दोन पाठीला पाठ लावून, मध्ये बटर पेपर. आडव्या थरांत वरच्याचा सगळा भार तळाच्या बिस्किटाच्या मध्यावर येतो. डब्यात बोटभर जागा उरली तर चुरगळलेला बटर पेपर भरून ती संपवा. डबा कानाशी धरून हलवला की आवाज येता कामा नये.

चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि उन्हात उभ्या गाडीच्या आत तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. वितळून पुन्हा गोठलं की वर पांढुरका थर येतो. ती बुरशी नसते, कोको बटर वर आलेलं असतं, खायला चालतं. पण भेट म्हणून केविलवाणं दिसतं. वाटेत कुठेही उन्हाळा असेल तर चॉकलेट गाळा. बर्फाच्या पिशव्यांचा दोन दिवसांपलीकडे उपयोग नाही, वर पाणी सुटून पुठ्ठा भिजतो.

ओलसर केक, क्रीम, ताजी फळं यांचा विचारच नको. सुकामेवा टिकतो, पण फोडलेला किंवा भाजलेला लवकर खवट होतो. अख्खा आणि न भाजलेला पाठवा.

हवाबंद

@खाऊडबा, हे सगळं व्हॅक्युम पॅक केलं तर? महिनाभर तरी टिकेल ना?

खाऊडबा

कोरडं असेल तर टिकेल. ओलसर असेल तर उलट धोका वाढतो. हवा काढल्याने बुरशी थांबते, पण बोट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जिवाणू हवा नसलेल्या ओलसर जागेतच वाढतो आणि त्याचं विष वासाने किंवा चवीने कळेलच असं नाही. व्हॅक्युम म्हणजे टिकवण नव्हे. आधी पदार्थ कोरडा हवा.

ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या मिळतात, त्यांनाही हाच नियम. शिवाय त्या साध्या झिपच्या पिशवीत वाया जातात: पातळ प्लास्टिकमधून हवा हळूहळू आत येत राहते आणि पुडी काही दिवसांत थकते. ॲल्युमिनियमचा थर असलेली पिशवी गरम पट्टीने बंद केली तरच अर्थ आहे. सिलिका जेल वेगळं, ते फक्त ओलावा ओढतं. लिटरभर डब्याला ५ ग्रॅमची एक पुडी पुरे. घरात लहान मुलं असतील तर पुडी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा, म्हणजे ती खाऊत सापडणार नाही.

आणि व्हॅक्युमने बिस्किटांचा भुगा होतो, हे वेगळं सांगायला नकोच.

मोजपट्टी

विमानातल्या दाबाबद्दल एक भर. उडताना सामानकक्षातला दाब साधारण २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो. बंद पिशवीतली हवा त्यामुळे एक तृतीयांशाने फुगते. झिपच्या पिशव्या भरताना हवा हाताने दाबून काढा, नाहीतर पिशवीचं तोंड सुटतं.

मुरंबा, मध, सॉस यांच्या बरण्यांचं झाकणही असंच पाझरतं. टाळता आलं तर टाळा. नाहीच टाळता आलं तर: बरणीच्या तोंडावर क्लिंग फिल्मचे दोन पदर, त्यावर झाकण घट्ट, झाकणाच्या कडेभोवती टेप, मग टिपकागदात गुंडाळून झिपची पिशवी, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. बरणी खोक्याच्या मध्यावर, उभी, भिंतीपासून दूर. 'ही बाजू वर' लिहिलं तरी खोका उलटा होणार हे धरूनच भरा.

जकातनाका

आता कागद. इथे सगळ्यांत जास्त पार्सलं अडकतात.

टपालाने जाणाऱ्या पार्सलला जागतिक टपाल संघाच्या (बर्न, स्थापना १८७४) दोन छापील कस्टम फॉर्मपैकी एक लागतो. सीएन २२ हा लहान पाकिटांचा, सामानाची किंमत ३०० एसडीआरपर्यंत असेल तेव्हा. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक. त्यावरच्या किमतीला आणि पार्सलांना सीएन २३. आता बहुतेक देशांत ही माहिती पार्सल निघण्याआधीच संगणकावरून पुढे जावी लागते. युरोपीय संघाने हवाई टपालासाठी हे १५ मार्च २०२१ पासून लागू केलं. नोंद अपुरी असेल तर पार्सल विमानात चढतच नाही.

वर्णनात 'गिफ्ट', 'खाऊ', 'घरगुती सामान' असलं काही चालत नाही. 'भेट' या चौकटीत खूण वेगळी करायची, आणि प्रत्येक वस्तू तिच्या ओळीत:

लोकरीची टोपी, मुलांची, २ नग, वजन १६० ग्रॅम, किंमत अमुक.
गव्हाची बिस्किटं, भाजलेली, बंद डबा, ४०० ग्रॅम, किंमत अमुक.
कागदी कंदील, घडीचे, ३ नग, ९० ग्रॅम, किंमत अमुक.

वजनांची बेरीज खोक्याच्या एकूण वजनाच्या जवळपास यायला हवी. किंमत शून्य लिहू नका. हाताने केलेल्या वस्तूलाही तशीच वस्तू बाजारात जेवढ्याला मिळेल तेवढी किंमत टाका. किंमत मुद्दाम कमी लिहिली तर दोन नुकसानं: संशय आला तर खोका उघडणार, आणि हरवला तर भरपाई तेवढीच मिळणार.

भेटींवरची करमाफी देशागणिक वेगळी. खासगी व्यक्तीने खासगी व्यक्तीला पाठवलेल्या भेटीला युरोपीय संघात ४५ युरोपर्यंत, ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत आयातीवरचा व्हॅट लागत नाही. दारू, तंबाखू, अत्तर यांना वेगळ्या मर्यादा. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या आयात पार्सलांची सरसकट माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली, भेटींची १०० डॉलरची मर्यादा ही त्याहून वेगळी गोष्ट. हे आकडे बदलतात, म्हणून पाठवण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या कस्टमच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

रंगीतकागद

जकातनाका, मग वस्तू गुंडाळायच्या की नाही? कुठे वाचावं तर "गुंडाळू नका, कस्टम फाडतं", आणि कुठे "प्रत्येकाची भेट वेगळी गुंडाळा".

जकातनाका

दोन्ही बरोबर, कारणं वेगळी. एका खोक्यात चार जणांच्या भेटी असतील तर ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे मर्यादा माणशी मोजता येते. पण त्यासाठी प्रत्येकाची भेट वेगळी बांधलेली आणि नाव घातलेली हवी, आणि फॉर्मवरही तशीच मांडणी हवी. दुसरीकडे, टेपने पूर्ण बंद केलेलं पुडकं तपासणीत फाडावंच लागतं.

तोडगा सोपा: कापडी किंवा कागदी पिशवी, तोंडाला फितीची सरकगाठ, गाठीत नावाची चिठ्ठी. तपासणारा गाठ सोडून बघतो आणि परत बांधू शकतो. चिठ्ठीच्या मागे आतल्या वस्तूंची नावं लिहिली तर बहुतेकदा गाठही सोडावी लागत नाही.

रंगीतकागद

हे छान. आता माझ्याकडून सजावटीचं.

खोका उघडताच सण दिसावा असं वाटत असेल तर बाहेरून काही करू नका. बाहेरची सजावट म्हणजे 'आत भेट आहे' अशी पाटी. आतून करा. चारही पल्ल्यांच्या आतल्या बाजूला रंगीत कागद लावा. ओला डिंक नको, पुठ्ठा वाकतो आणि पल्ले नीट मिटत नाहीत. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पातळ टेप घ्या. कागद कडेपासून ३ सेंटीमीटर आत थांबवा, म्हणजे बाहेरच्या टेपला कोरा पुठ्ठा मिळतो. गुळगुळीत कागदावर टेप धरत नाही.

रंग दोन, फार तर तीन. सगळ्या पिशव्या, फिती, चिठ्ठ्या त्याच रंगांत. एवढ्यानेच खोका 'सणाचा' दिसतो, वेगळं सामान भरावं लागत नाही. चमकी मात्र अजिबात नको. ती खाऊच्या डब्यावर, कपड्यांत, सगळीकडे जाते.

गादी म्हणूनही सणाचंच सामान वापरता येतं. टोपी, मोजे, टॉवेल, रंगीत टिपकागदाचे बोळे. बोळे सैल नको, मुठीत दाबल्यावर थोडे परत फुगतील इतपत घट्ट. थर्माकोलचे दाणे टाळा, हादऱ्यांनी जड वस्तू त्यांच्यातून खाली सरकत तळाला जाते.

मुलं असतील तर आकडे घातलेल्या पुड्यांचा प्रकार फार चालतो: सणाच्या आधीचे आठ दिवस, आठ पुड्या, रोज एक उघडायची. प्रत्येक पुडी ३०-४० ग्रॅमच्या आत (स्टिकर, छोटं कोडं, घडीचं कागदी खेळणं, रंगखडू), म्हणजे आठांचं मिळून पाव किलोच्या आसपास. चौथ्या आणि आठव्या दिवसाला जरा मोठी वस्तू. भावंडं दोन असतील तर पुड्या दुप्पट करण्यापेक्षा दोघांना मिळून करता येईल असं काही घाला.

वायरमन

दिव्यांच्या माळांबद्दल कुणी बोललं नाही. विजेवरची माळ पाठवण्याआधी तिकडचा दाब बघा. काही देशांत ११० ते १२० व्होल्ट, बऱ्याच ठिकाणी २२० ते २४०. प्लगचा आकार तर वेगळाच. २३० व्होल्टची माळ १२० वर जेमतेम मिणमिणते किंवा लागतच नाही. १२० ची २३० वर लावली तर जळते, आणि ते धोक्याचं. यूएसबीवर चालणारी माळ घ्या, हा प्रश्नच मिटतो.

पेन्सिल सेलवरची माळ चालते, पण सेल काढून ठेवा, तिकडे घेऊ दे त्यांना. पॉवर बँक आणि सुटी लिथियम बॅटरी आंतरराष्ट्रीय टपालात बंद. उपकरणात बसवलेली बॅटरी काही देशांची टपालखाती मर्यादेत घेतात, काही घेत नाहीत. विचारल्याशिवाय टाकू नका.

जकातनाका

+१. याच यादीत: अत्तर (अल्कोहोल असतं), नेलपॉलिश, फवाऱ्याचे डबे, काडेपेटी, लायटर, फुलबाज्या. ओढल्यावर फट्ट करणारे कागदी फटाकेसुद्धा. त्यात स्फोटक पट्टी असते, आकार कितीही लहान असो. नोटा आणि दागिनेही नकोत.

जैविक वस्तूंकडे कुणाचं लक्ष जात नाही. सुकी फुलं, देवदाराची शंकूसारखी फळं, गवताच्या चटया, बिया, साल न काढलेलं लाकूड: सजावटीत हे सर्रास येतं आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारखे देश ते अडवतात, कारण त्यातून कीड जाते. भरण म्हणून पेंढा तर कधीच नको. युरोपीय संघात बाहेरून खासगी पार्सलमधून मांस आणि दुधाचे पदार्थ जवळजवळ बंदच आहेत. अमेरिकेत अन्नाच्या पार्सलची आगाऊ सूचना द्यावी लागते, पण स्वतःच्या घरी बनवून व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेल्या भेटीला त्यातून सूट आहे. फॉर्मवर 'घरी बनवलेलं, वैयक्तिक भेट' असं स्पष्ट लिहा.

मेणबत्ती

सुगंधी मेणबत्ती आणि साबण चालतात ना?

खाऊडबा

चालतात, पण खाऊच्या खोक्यात नाही. तूप-लोणी असलेले पदार्थ वास पटकन धरतात आणि साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून वास आरपार जातो. झिपच्या तीन पिशव्या एकात एक घातल्या तरी साबणाच्या वासाची बिस्किटं निघतात. वास अडवतो तो धातूचा डबा किंवा ॲल्युमिनियमच्या थराची पिशवी. शक्यतो दोन खोके करा, एक खाण्याचा, एक बाकीचा. कस्टमने खाण्याचा अडवला तरी दुसरा वेळेत पोचतो.

मेणबत्त्या उन्हाने वाकतात. लांबट नको, डबीत ओतलेल्या घ्या.

मोजपट्टी

भरण्याचा क्रम राहिला होता. तळाला ५ सेंटीमीटर गादी. त्यावर जड आणि कडक वस्तू मध्यभागी: डबे, पुस्तकं. कडेने कपडे. नाजूक वस्तू वरच्या थरात, पण सगळ्यांत वर नव्हे, त्यांच्यावर पुन्हा गादी. दोन कडक वस्तू एकमेकींना भिडता कामा नयेत, मध्ये निदान बबल रॅपचे दोन वेढे. फुगे आतल्या बाजूला.

सगळ्यांत वर एक पाकीट: पत्र, आतल्या वस्तूंची यादी, आणि पाठवणाऱ्याचा-घेणाऱ्याचा पत्ता फोनसकट. बाहेरचं लेबल निघालं तर खोका उघडून पत्ता शोधतात, तो इथेच सापडायला हवा. 'आधी हे खा' आणि 'हे सणापर्यंत ठेवा' अशा दोन खुणाही यादीतच करा.

टेप मारण्याआधी पल्ले हाताने मिटून खोका चारही बाजूंना हलवा. आतून काही सरकल्यासारखं वाटलं तर उघडा आणि भरा. मग गुडघ्याच्या उंचीवरून गादीवर एकदा टाकून बघा. घरात टाकायची भीती वाटत असेल तर तो अजून तयार नाही.

उलटीगणती

आणि तारीख. सणाच्या दिवसापासून मागे मोजा. कुरियर सहसा आठवडाभरात, हवाई टपाल दोन ते चार आठवडे, जहाजाने दोन ते तीन महिने. त्यात कस्टमचा एक आठवडा आणि तिकडच्या सुट्ट्या वेगळ्या धरा. सणाच्या गर्दीत सगळ्याच सेवा मंदावतात, म्हणून हवाई टपालाला मी सहा आठवडे धरायला सांगतो. लवकर पोचलं तर 'अमुक तारखेला उघडा' अशी चिठ्ठी आहेच. खाऊचा खोका मात्र उलट: तो शेवटी आणि वेगवान सेवेने.

रंगीतकागद

एक शेवटचा प्रश्न. घेणाऱ्याचा फोन नंबर नक्की लागतो का? पत्ता पुरेसा नाही?

जकातनाका

लागतोच. कर निघाला किंवा माहिती हवी असली तर तिकडचे लोक फोनवर किंवा ईमेलवरच कळवतात, आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर आलं नाही तर पार्सल परत फिरतं. नंबर तिकडचा चालू, देशाच्या कोडसकट. नाव ओळखपत्रावर आहे तेच, घरातलं लाडाचं नाव नको. आणि ट्रॅकिंग क्रमांक त्यांना त्याच दिवशी पाठवा, पावतीचा फोटो काढून. आत काय आहे ते गुपित ठेवायचं असेल तर फोटोतून फॉर्मचा तेवढा भाग कापा.